रेवदंड्याला दोनदा

साऱ्या मुलखातली माणसं आपापल्या मेलेल्यांची हाडं घेऊन नाशिकला येतात. मी नाशिकची हाडं घेऊन समुद्रावर गेलो. रामकुंडावरचे गुरुजी म्हणाले, "बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? दारात गोदावरी सोडून तिकडं कुठं निघालात?" मी म्हटलं, गुरुजी, बायको माझी होती, आणि मरताना तिनं एकच गोष्ट मागितली. नदीत नको, मला समुद्रात सोडा. जन्मभर तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. सुमनचं गाडगं मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. शेजारचा पोरगा मोबाइलवर हसत होता. त्याला काय ठाऊक मांडीवर काय आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तरी हे एक प्रकरण मी स्वतः लिहून ठेवतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो ते गोड करून लिहील, आणि यात गोड काही नाही.

रेवदंड्याला मी जन्मात दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा विशीला टेकलो होतो. आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाला मेथी-कोथिंबीर. पहाटे विहिरीवरच्या इंजिनाची धडधड सुरू झाली की घर उठायचं. फुलं खुडून, पाट्या भरून, वर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय कुणाच्या पोटात काही जायचं नाही. मग आईच्या भाकऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. बोटांना झेंडूचा कडू वास असायचा, तो घासाबरोबर पोटात जायचा. आजही झेंडूचा हार नाकाशी आला की मला भूक लागते. सुमनच्या तिरडीपाशीसुद्धा लागली. लाज वाटली, पण लागली.

आमच्या बापाला आम्ही आबा म्हणायचो. झेंडूचं रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडतात, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. आबा तेच माणसांना लावायचे. मी शाळेत बरा होतो, माझा चौथीत खुडला. आई जात्यावर गायची, तिचा त्याआधीच खुडला होता. आबा रागानं मारायचे नाहीत. हे लोकांना सांगून पटत नाही. रागानं मारणारा माणूस मागनं पस्तावतो तरी. आबा शांतपणे मारायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. "चटणी वाढ," म्हणायचे.

सुमनचा बाप त्याच्या बापाच्या अस्थी घेऊन नाशिकला आला होता. हारासाठी घाटावरच्या आमच्या पाटीपाशी थांबला. बोलता बोलता निघालं की माणूस आपल्याच जातीचा, रेवदंड्याला नारळी-पोफळीची वाडी आहे, घरात एक मुलगा, एक मुलगी. आमच्याकडेही एक मुलगी, एक मुलगा. बाप पाण्यात सोडून आलेला तो माणूस आणि आमचे आबा घाटाच्या पायरीवर बसले आणि तिथंच साटंलोटं ठरलं. आमची अक्का त्यांच्या मुलाला, त्यांची सुमन मला. हुंडा नाही, मानपान नाही. एक द्यायची, एक घ्यायची. अक्का मोठी, तिचं लगेच उरकलं. सुमनला अठरावं लागलं की माझं करायचं होतं.

अक्का पहिल्या दिवाळीला आली ती नारळाच्या वड्या घेऊन, हसत. दुसऱ्या दिवाळीला आली ती परत जायचं नाव घेईना. आई आणि ती पडवीत शेवंती निवडत बसल्या होत्या, मी पलीकडे सुतळी वळत होतो.

"आई, तो मला डोणीत बुडवतो गं."

"कशात?"

"विहिरीपाशी दगडी डोण हाय. रहाटाचं पाणी तिच्यात पडतं. मानंला धरून तोंड आत घालतो. हातपाय झाडले की सोडतो, श्वास घेऊ देतो, परत घालतो. सासू उभी राहून बघती. म्हणती, घाटावरची हाय, पाण्याची सवय लागंल."

आईचे हात थांबले नाहीत. चांगली फुलं एकीकडे, किडकी एकीकडे. मग तिनं विचारलं, "शेजारच्यांना दिसतं का?"

एवढंच विचारलं. आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "पाण्याचं भ्या मोडंल. चांगलंच हाय की."

थंडी सरता सरता आबांनी काढलं, आपण सगळे रेवदंड्याला जाऊ, पोराची सुपारी फोडून येऊ, समुद्र बघू. अक्का म्हणाली, मी नाही येणार. आबांनी भिंतीवरच्या वणीच्या देवीच्या तसबिरीवर हात ठेवला. "देवीची आण. धर्मशाळेत उतरू. त्या घरात तुला ठेवणार नाय. जाशील तशी परत येशील." आबांनी कधी कुणाला शब्द दिलेला आम्ही ऐकला नव्हता, त्यामुळे तो खोटा असतो की खरा, हे आम्हाला माहीतच नव्हतं. अक्का तयार झाली.

आईनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. हारांची एक पाटी ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवली. कसाऱ्याच्या घाटात आईला ओकाऱ्या झाल्या. अक्का खिडकीपाशी बसली होती आणि मला छळत होती. "सुमनला बघून तोंड उघडं टाकू नको रे रघ्या, माशी जाईल." मी म्हटलं, "दिसायला कशी हाय ते तरी सांग." "डोळे बोंबलासारखे." "बोंबील म्हणजे काय?" यावर ती इतकी हसली की कंडक्टरनं वळून बघितलं. अक्काचं ते शेवटचं हसू नाही, पण शेवटून दुसरं आहे. शेवटचं पुढे सांगतो.

रेवदंडा गाव फिरंग्यांनी बांधलेल्या कोटाच्या आत आहे. म्हणजे रस्ताच कोटाच्या दरवाज्यातून जातो, एसटीसुद्धा. आत गेलं की तटाच्या काळ्या भिंती, त्यांच्यावर वडाची मुळं, आणि त्या भिंतींच्या आत लोकांच्या वाड्या. एक उंच मोडका बुरूज झाडांच्या वर डोकं काढून उभा. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे दगडांचे गडगे, वरनं नारळाच्या झावळ्या, त्यामुळे दुपारीही खाली हिरवा अंधार. रहाटांची कुरकुर कुठूनतरी सारखी येत होती. आमच्या मळ्यात इंजिन धडधडायचं, तिथं लाकूड कण्हत होतं. लालसर कौलांची घरं, ओटीवर झोपाळा, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. वास माशांचा आणि ओल्या शेवाळाचा. आईनं नाकाला पदर लावला तो काढलाच नाही. टपावरची पाटी उतरवली तर खाऱ्या वाऱ्यानं झेंडू मलूल पडला होता.

धर्मशाळेत पिशव्या टाकून आधी समुद्रावर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो आणि समोर ते. एवढं पाणी आणि एका थेंबाचा पिकाला उपयोग नाही, असं बहुतेक आबांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी थुंकल्यासारखं केलं. आई मात्र वाकली. गंगेला भरतो तशी तिनं समुद्राची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा लाटेनं नारळ तिच्या पायाशी आणून ठेवला होता. तिनं परत ढकलला. तो परत आला. खण वाळूत चिखलानं माखला. आईचा चेहरा पांढरा पडला. "देवानं ओटी नाकारली," ती म्हणाली.

टोपली घेऊन निघालेली एक कोळीण उभी राहून बघत होती. "अगो बाय," ती म्हणाली, "भरतीला कोण ओटी टाकतो? आता तो सगळा परत देणार. ओहोटीला सोडायची, तवा नेतो."

आमच्या नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं. दिलेलं परत येतं, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? अक्कानं तो नारळ उचलला आणि हसत सुटली. "आई, यालाबी साटंलोटं कळतं गं. दिलं की परत!" हे ते शेवटचं.

मग आबा म्हणाले, नवरीची ओटी भरायला नवऱ्याची थोरली बहीण लागते, तेवढ्यापुरती घरात चल, लगेच परत. रीत होती ती, खोटं नव्हतं. अक्का आली. गल्लीतून चालताना ती माझ्या अंगाला लागून चालत होती.

दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, देखणा माणूस. केस तेल लावून मागे वळवलेले, बोलणं लोण्यासारखं. मला त्यानं स्वतः शहाळं सोलून दिलं. "पाव्हणं, आमच्याकडचं पाणी पिऊन बघा." मी प्यायलो. गोड लागलं. ओटीवरून वाडीतली विहीर दिसत होती, रहाट दिसत होता, आणि त्याच्या पुढ्यात डोण. साधी, गुरांना पाणी पाजावं तशी. कडेला शेवाळ. एका जागेवरचं शेवाळ घासून गेलेलं होतं.

सुमन ताट घेऊन आली. खोबरं, साखर, पानं, आणि घरच्या वाडीतली सुपारी. डोळे बोंबलासारखे अजिबात नव्हते. अक्कानं तिला कुंकू लावलं, ओटी भरली, साखर तोंडात घातली. आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "मी हितं राहणार नाय. आधीच सांगते."

सुमनचा बाप म्हणाला, "मग आमची पोर तिकडं कशी येईल? एका हाताची टाळी आम्ही नाय वाजवत."

"तुमचा पोरगा मला बुडवतो."

"नवरा-बायकोतलं चारचौघांत काढू नको गो," सासू म्हणाली. दाजी हसला. "थोडी गंमत केली असंल. एवढ्यात घाबरली. घाटावरची ना."

मी आबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. बाप आहे. आबा उठले नाहीत. त्यांनी अडकित्ता हातात घेतला, ताटातली सुपारी उचलली आणि भाव ठरवताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "भांडायचं काय कारण? माझी तुमच्याकडं, तुमची माझ्याकडं. माझ्या पोरीला तिथं जे होईल, ते मी तुमच्या पोरीला हितं करीन. बोट मोडलं तर बोट. बुडवली तर माझ्याबी विहिरीला पाणी हाय. मग कोण कशाला हात लावंल?"

मग सुमनचा बाप मोठ्यानं हसला. "इवाई, तुम्ही तर वकील निघालात. मंजूर!" दोन्ही बापांना ती युक्ती इतकी आवडली की त्यांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. कट्ट करून सुपारी फुटली. माझी सुपारी ती.

सुमन ताट हातात धरून तिथंच होती. अक्का तिच्याकडे बघत होती. सुमनकडे असं आधी कुणी बघितलं नसेल. मापून घेतल्यासारखं. मग अक्का उठली, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्याचा आवाज आला. तेवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. आईनं मला धर्मशाळेतून अक्काची पिशवी आणायला पाठवलं. पिशवी जड लागली म्हणून मी वाटेत उघडली. दोन दिवसांसाठी आलेल्या लेकीची सगळीच्या सगळी लुगडी आईनं नाशिकहून भरून आणली होती.

लग्न नाशिकला लागलं. सुमन आमच्या घरात आली. पहिले महिने तिला इंजिनाच्या आवाजानं झोप लागायची नाही आणि मला ती शेजारी आहे म्हणून. आमटीत ती कोकम शोधायची. बाजारातून मी गुपचूप सुकट आणायचो, ती मळ्याच्या टोकाला चूल मांडून भाजायची, आणि आम्ही दोघं भाकरीबरोबर चोरून खायचो. आईला वास यायचा, ती बोलायची नाही. मी कुणाला प्रेमबिम शिकवायला बसलेलो नाही. पण दिवसाला हिच्यासाठी उगवायचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. पुढेही वाटत राहिलं. आता उगवतो, पण कशाला ते कळत नाही.

वर्षाच्या आत रेवदंड्याकडचा एक नारळाचा व्यापारी नाशिकला आला. आबांना म्हणाला, "तुमच्या लेकीचा हात मोडला की हो. उजवा. पडली म्हणतात." मी तेव्हा फुलबाजारात होतो. घरी आलो तर आबा जेवत होते. फावड्याचा दांडा भिंतीला टेकवलेला. सुमन पडवीत बसून डाव्या हातानं झेंडू निवडत होती आणि उजवा मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्याचा असल्यासारखा. "फिटलं," आबा म्हणाले. "व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडलाय तिकडं. चटणी वाढ." मी त्यांचं ताट लाथेनं उडवलं, दांडा विहिरीत फेकला, सुमनला हाडवैद्याकडे नेलं आणि त्याच दिवशी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी चूल घातली. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढचं कळावं म्हणून लिहितोय.

कारण त्या निरोपानंतर रेवदंड्याहून कधीही वाईट बातमी आली नाही. कुणीही तिकडून आलं की एकच, अक्का बरी आहे. आबा मरेपर्यंत ही गोष्ट फुशारकीनं सांगायचे. "एक दांडा, आणि सगळं जागेवर आलं." पाव्हणे माना डोलवायचे. आणि सांगायला हरकत नाही, मलाही वाटायचं, म्हाताऱ्यानं क्रूरपणा केला पण उपाय लागू पडला. लग्नाकार्याला, आई-आबांच्या दहाव्याला अक्का दाजीबरोबर यायची. दोघी एकमेकींसमोर बसायच्या. "बरं ना गं सुमन?" "बरं वहिनी. तुमचं?" "बरं हाय." एवढ्यात त्यांचं बोलणं संपायचं. सुमन समुद्रासाठी झुरायची, पण माहेरी चल म्हटलं की नको म्हणायची. मी समजायचो, भावाशी पटत नसेल.

तर या पौषात ती गेली. फोनवर अक्काला कळवलं, अस्थी घेऊन येतोय म्हटलं. ती म्हणाली, "दुपारी ये. ओहोटी असती."

गाव बदललंय. गल्ल्यांत घरगुती जेवणाच्या पाट्या लागल्यात, मुंबईची पोरं तटावर चढून फोटो काढतात, वाळूवर घोडागाडी फिरते. कोट तसाच, बुरूज तसाच. रहाट कुठंच ऐकू आला नाही, सगळीकडे पंपाच्या मोटारी. दाजी ओटीवर खुर्चीत बसलेला होता. देखणेपणा गेला, दात गेले, कमरेखालचा जोर गेला. हातातली काठी मात्र चांगली शिसवी होती. मला बघून त्यानं ओळख दिली नाही. आत बघून ओरडला, "पाणी दे गो, मेलीस काय?" अक्का कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, पिशवीत नारळ-हळदकुंकू असेल. त्यांची एकुलती लेक पेणला दिलेली, घरात तिसरं कुणी नाही.

समुद्र लांब आत गेला होता. ओल्या वाळूवरून आम्ही दोघं म्हातारी माणसं हळूहळू चालत गेलो. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, गाडगं उघडलं, सुमनला सोडलं. पाणी ओढ घेत होतं. पांढरं काही वेळ दिसलं, मग दिसेना. परत आलो तर अक्का डोळ्यांवर हात धरून तिकडंच बघत होती. हात धरला होता तो डावा.

"गेली?"

"गेली."

"नीट गेली ना? परत नाय ना येणार?"

"नाही अक्का. ओहोटी आहे."

ती आणखी थोडी थांबली. मग तिनं उजवा हात वर करून दाखवला. खांद्यापर्यंतही गेला नाही. "हा तीनदा मोडला," ती म्हणाली. "पहिल्यांदाचा तेवढा तुमच्यापर्यंत आला." मग ती सांगत गेली. डोण किती वर्षं चालली, डोण बुजवली तेव्हा काय सुरू झालं, काठी कधी आली. आवाज एकदाही वर गेला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. आजही सकाळी चहा थंड होता म्हणून काठी बसली होती. ती जागा तिनं दाखवली.

मी म्हटलं, "आबा मरून किती वर्षं झाली. मला का नाही सांगितलंस?"

"तुझा हात कसा हाय, मला काय ठाऊक? पोरगा तू त्यांचाच."

"मी तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही अक्का. सुमनला विचारायचंस."

"विचारत होते की, दरवेळी. ती म्हणायची, बरं हाय." अक्कानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मीबी तेच म्हणत होते."

मला बसावंसं वाटलं, पण वाळू ओली होती. ती पिशवी काखेला मारून वळली. पिशवीच्या तोंडातून लुगड्याचा काठ दिसत होता. नारळ नव्हताच.

"चल. आता माझ्यापायी कुणाला मार बसायचा नाय. नाशिकची गाडी गाठू."

घराच्या गल्लीनं न जाता ती तटाच्या कडेकडेनं चालायला लागली. लांबून दाजीचा आवाज येत होता, पाणी, पाणी. मी थांबलो. म्हटलं, "अक्का, त्याला आता पाणी कोण देणार?"

ती थांबली नाही. कोटाच्या दरवाज्याकडे चालता चालता म्हणाली, "विहीर हाय. सरकत सरकत जाईल. वाकंल आणि पिईल. मी नव्हते का वाकत?"